दुग्धाम्लाचा माग

जबलपूरच्या अधारतालला, कृषी विश्वविद्यालयाजवळच्या आमच्या घरात, रात्री लावलेलं विरजण उन्हाळ्यात पहाटेपर्यंतच आंबटतं. तो आंबटपणा दुग्धाम्लाचा. कार्ल शेले या औषधं बनवणाऱ्या रसायनज्ञाने १७८० साली स्वीडनमध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं, म्हणून नावात दूध आलं. तापाने फणफणलेला, ग्लानीतला माणूस इमर्जन्सीत आला की डॉक्टर ‘लॅक्टेट पाठवा’ म्हणतात, ते याच आम्लाचं रक्तातलं रूप.

दुधातून ते रक्तात पोचलं बाळंतिणींमुळे. १८४३ साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला योहान शेरर यांनी बाळंतरोगाने दगावलेल्या तरुण बायकांचं रक्त तपासलं आणि त्यात त्यांना दुग्धाम्ल सापडलं. हाच रोग रोखायला व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने सहकारी डॉक्टरांना हात धुवायला लावलं, ते यानंतर चार वर्षांनी. वंशावळीत मूळपुरुष शोधतात. या तपासणीच्या मुळाशी त्या बायका आहेत, हे मला विसरवत नाही.

पुढे १९६४ साली अमेरिकेत ब्रोडर आणि वील यांनी दाखवलं, की शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या, रुग्णाच्या रक्तात लॅक्टेट जितकं साठतं, तितकी त्याची परतीची वाट बिकट. २००५ साली शापिरो आणि सहकाऱ्यांनी जंतुसंसर्गाच्या १,२७८ रुग्णांचे आकडे मांडले: लॅक्टेट लिटरमागे अडीच मिलिमोलच्या खाली असलेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले, चार किंवा त्याहून वर असलेल्यांपैकी २८.४ टक्के. रक्तदाब ठीक दिसणाऱ्या माणसातही तो आकडा चढलेला असू शकतो, म्हणून त्याचं मोल. मात्र ऑक्सिजन कमी पडला एवढाच त्याचा अर्थ नव्हे. अंगात अॅड्रेनालिन उसळलं, यकृत थकलं, तरी तो चढतो.

दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत, जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या ४२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली छापून आला. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट बघून चालले, निम्म्यांचे बोटाचं टोक काचपट्टीने दाबून, सोडल्यावर लाली तीन सेकंदांत परतते का हे बघून. लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के दगावले, बोटाच्या गटात ३४.९. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही. पण बोट मागे पडलं नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

अधारतालहून मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जायचं तर सगळं शहर ओलांडावं लागतं. तेवढ्या वाटेत अॅम्ब्युलन्समधल्या माणसाला रुग्णाचं बोट दोनदा दाबून बघता येतं.