रोखीचं साल

आमच्या घरात प्लेगची गोष्ट सांगितली जाई ती पगाराची गोष्ट म्हणून. आजीने ती तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेली, म्हणजे माझ्या पणजोबांकडून. ती त्यांना मामंजी म्हणे, नाव कधी घेत नसे. पणजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. रत्नागिरीतून मुंबईला गेलेला माणूस तेव्हा बहुधा गिरणीतच शिरायचा. १९११ च्या जनगणनेत तर मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे आमच्या जिल्ह्यातले होते, आणि सिंधुदुर्ग तेव्हा आमच्यातच होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचं निदान केलं, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. आजीच्या गोष्टीत मांडवी नव्हती आणि डॉक्टरही नव्हता. तिची गोष्ट सुरू व्हायची ती अडकलेल्या पगारापासून. गिरणीत पगार महिन्याचा, पण तो हातात पडायचा पुढचा महिना निम्मा सरल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी. त्यामुळे चाळीत उंदीर पडायला लागले तरी माणूस हलू शकत नव्हता, कारण हलला की केलेल्या कामाचे पैसे बुडाले. "मामंजी म्हणायचे, गाठीला भ्यालो नाही एवढा पगार बुडायला भ्यालो," आजी सांगायची.

पणजोबांनी बायकापोरांना आगबोटीत बसवून दिलं आणि स्वतः मागे राहिले. बाकीचे गेलेच. १८९७ चा फेब्रुवारी येईतो आठ लाखांहून मोठ्या त्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली होती. पेठांतली दुकानं बंद, चाळींना कुलपं. जे उरले त्यांना तापाइतकीच इस्पितळाची धास्ती होती. घरातलं माणूस उचलून नेतील आणि ते परत दिसणार नाही, या भीतीपायी २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. पालिकेचे आयुक्त स्नो यांना वेगळाच घोर लागला होता. झाडूवाले आणि मैला उचलणारे हलालखोर निघून गेले तर हे शहर राहण्याजोगं उरणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि कडक नियम सैल केले. ज्यांची सावलीही लोक टाळायचे, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने राज्यकर्त्यांना नमतं घ्यावं लागलं.

मग गिरण्यांना माणूस मिळेना. इथे आजी सरसावून बसायची. सकाळी नाक्यावर निरनिराळ्या गिरण्यांचे मुकादम उभे राहायचे आणि येणाऱ्या माणसावर बोली लावायचे. एकाने सांगितलेल्या रोजावर दुसरा दोन आणे चढवायचा. पणजोबांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते याचं, की संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना त्या दिवसाचे पैसे तिथल्या तिथे हातावर मिळत. ते पैसे कनवटीला लावून चाळीपर्यंत चालत जाताना ते दर दहा पावलांवर कनवट चाचपून पाहायचे. आजी ती चाचपणी करून दाखवायची. लुगड्याच्या ओच्यावर अंगठा आणि दोन बोटं, आणि चेहऱ्यावर सासऱ्यांचा चेहरा.

नाक्यावरच्या त्या बोलीची नोंद इंग्रजी दफ्तरातही आहे. पुढे माणसं परतली, तशी मालकांनी रोजची रोख बंद करून महिन्याचा जुना पगार पुन्हा आणला, आणि त्यावरून संप झाले. आमच्या घरात मात्र १८९७ ला नाव राहिलं ते रोखीचं साल. कुणाच्या वयाचा हिशेब लागेना की आजी विचारायची, "रोखीच्या सालाच्या आधीचा की नंतरचा?"

१९१८ ची गोष्ट आजीची स्वतःची. तेव्हा ती तेरा वर्षांची. मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, मुंबईहून चाकरमान्यांबरोबर गावात उतरला. त्या ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं दगावली आणि मुंबई इलाख्यात बळींचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. प्लेगमध्ये पळून जायला गाव तरी होतं. या खेपेला गावच आडवं झालं. आणि हा ताप म्हातारे-पोरं सोडून नेमके कर्ते हात नेत होता. पाऊस त्या साली लवकर पाठ फिरवून गेलेला. जे थोडं भात पिकलं ते कापायला कुणी नव्हतं. लोंब्या पिकून वाकल्या आणि दाणे झडून मातीत पडले. आजी आणि तिच्या वयाच्या मुली विळे घेऊन गेल्या, पण कापलेला भारा डोक्यावर चढवून द्यायलाही मोठं माणूस नव्हतं. त्या पोरी ओंजळींनी दाणे वेचून घरी आणायच्या.

गावात वाण्याचं एकच दुकान होतं. वाणी गेला, त्याचा थोरला मुलगा गेला, दुकान बंद. मीठ नाही, रॉकेल नाही. तेराव्यानंतर वाण्याच्या बायकोने फळ्या काढल्या आणि ओट्यावर बसून सांगितलं, "मला तोलता येत नाही, तुमचं तुम्ही मोजून घ्या." ज्याने त्याने मीठ मोजायचं आणि भिंतीवर आपल्या जागी कोळशाने एक रेघ मारायची. लिहिता कुणालाच येत नव्हतं. कुणाची जागा दाराजवळ, कुणाची कोनाड्याखाली. पुढच्या साली लोकांनी तिचं भात लावून दिलं, झोडून दिलं आणि रेघा पुसल्या. एकही रेघ भांडणात गेली नाही, हे आजी फार अभिमानाने सांगायची. मला तिच्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात मोठी वाटते. दुकान उघडायला तिथे भांडवल कमी नव्हतं, माणूस कमी होता, आणि ती जागा साऱ्या गावाने मिळून भरली.

तिकडे मुंबईत महागाईने कहर केला होता. लढाईच्या धंद्यात गिरण्यांनी बक्कळ नफा कमावलेला. १९१९ च्या जानेवारीत लाखाच्या वर कामगार संपावर गेले. त्यांच्यात पणजोबाही होते, आता पिकल्या मिशांचे.

पुढे १९८२ च्या संपानंतर माझे वडील कायमचे गावी आले, आणि गिरणीशी आमचं नातं तिथे संपलं. आज आमच्याच जिल्ह्यात हात बाहेरून येतात. हापूसच्या बागा राखायला नेपाळी, मच्छीमारी नौकांवर नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी, बाजारात सलून आणि इस्त्रीची दुकानं उत्तरेकडच्या भावांची. २०२० च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं आणि ही माणसं निघाली. त्या १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, तरी मिरकरवाड्याच्या बंदरात कितीतरी नौका धक्क्यालाच बांधलेल्या राहिल्या, कारण खलाशी आले नव्हते. बाजारात आमच्या गल्लीतलं सलून आणि खानावळ दोन्ही बंद पडली. सलूनच्या शटरवर अजून भाड्याने देण्याचा कागद आहे.

तेव्हापासून आमच्याकडे लग्नात, पारावर, बँकेच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येतं, की माणसं मिळत नाहीत, लोकांना काम नको झालंय. हे ऐकलं की मला राग येतो. हेच वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत आमच्या पणजोबांबद्दल बोललं जात असणार. ज्या जिल्ह्याने निम्म्या गिरण्या आपल्या अंगावर चालवल्या, त्या जिल्ह्याने तरी हे बोलू नये.

माझ्या चुलतभावाची बाग आहे. त्याचा राखणदार नेपाळचा, दहा-बारा वर्षांचा जुना. टाळेबंदीत कसाबसा घरी पोचला आणि पुढच्या हंगामाला आलाच नाही. भावाने त्याला माझ्यासमोर फोन लावला. तो नम्रपणे बोलत होता, दादा, दादा करत होता, पण त्याचं म्हणणं पक्कं होतं. हिशेब आंबा संपल्यावर नको, दर महिन्याला हवा. खोपीला पत्र्याऐवजी कौलं आणि बाजूला संडास हवा. येण्याजाण्याचं भाडं हवं. "मागच्या वेळी निघालो तेव्हा खिशात काही नव्हतं, दादा. सगळा पैसा तुमच्याकडेच होता."

भाऊ फोन ठेवून बराच वेळ चिडलेला होता. मी त्याला रोखीच्या सालाची गोष्ट सांगितली. त्याने ती लहानपणी माझ्या शेजारी बसूनच ऐकली होती, पण पगाराचा भाग विसरला होता. दिवाळीच्या आत त्याने खोपीवर कौलं चढवली, संडास बांधला आणि भाड्याचे पैसे पाठवले. राखणदार आला, येताना मेव्हण्यालाही घेऊन आला. आता सात तारखेला पैसे चुकते होतात. शेजारच्या बागेचे मालक अजून हिशेब पावसाच्या तोंडावरच करतात. त्यांची खोप रिकामी आहे, आणि भावाने त्या मेव्हण्याला किती रोजावर ठेवलंय, याची चौकशी ते मधूनमधून माझ्याकडे करतात.