तलावाचा गाळ अन् जुन्या भट्ट्या

उन्हाळ्यात तलावाचा गाळ आपण बांधीत टाकतो. पण गाळ थराथरानं बसते, खाली जुना, वर नवा. स्वीडनमधल्या तलावांचा गाळ तपासला तर सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या थरात शिसं वाढलेलं दिसलं. रोमन काळात शिशाच्या दगडातून चांदी काढत, त्या भट्ट्यांचा धूर वाऱ्यानं तिथवर पोचला होता.

आपल्या बाजूलाही हे काम जुनंच. पारशिवनीजवळ नायकुंडला, पेंच नदीकाठी, खोदकामात लोखंड गाळायची भट्टी अन् कीट निघालं. जवळपास 2700 वर्षं जुनं. पेंचचं पाणी कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत येते.

आपले मालगुजारी तलाव मात्र कोहळी लोकांनी बांधलेले, दोन-तीनशे वर्षांचे. त्यात नायकुंडचा धूर सापडणार नाही. पण तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी इंग्रजांच्या काळापासूनच्या. म्हणजे तिकडच्या जुन्या तलावात खाणीआधीचा अन् नंतरचा गाळ एकावर एक असणार.

पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत मँगनीज जास्त विरघळते. म्हणून खाणीकडचा नाला ज्या तलावात येतो, त्याचा गाळ टाकण्याआधी वरचा, मधला, खालचा असे तीन नमुने वेगळे घ्या अन् माती परीक्षणाला द्या. जेसीबीनं सगळा एकत्र केला, की मग कोणता थर कधीचा, कोणीच सांगू शकणार नाही.