गोठ्यातली वीट

नव्या घराच्या चौकटीसाठी सागवान पाहायला मी लकडगंजात गेलो होतो. आरामशीनवर एक बंगाली सुतार भेटला, बिष्णुपूरकडचा. लाकूड चिरून होईपर्यंत गावाकडच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या मुलखात दगड कमी, चिकणमाती भरपूर. म्हणून मल्ल राजांनी सतराव्या शतकात विटांची देवळं बांधली. मातीच्या पाट्यांवर रामायण-महाभारतातले प्रसंग उठवले, भाजले अन् भिंतीत बसवले.

मी म्हटलं, "आमच्या इकडे दगडच दगड. विटाचं देऊळ कायचं?"

बोलून गेलो अन् मनात चरकलो. आमच्या रामटेकजवळच्या मनसरला हिडिंबा टेकडी आहे. लहानपणी आम्ही तिथं ढोरं चारायचो. १९९८च्या सुमारास खोदकाम झालं अन् टेकडीच्या पोटातून विटांचं मोठं देवालय निघालं. वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे दीड हजार वर्षांमागचं. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच जाणकार मानतात. रामटेकच्या गडावर वाकाटकांनी दगडाची देवळं बांधली, अन् इथं विटांचं. मनसरची शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अन् टेकडीच्या काही विटा आमच्या गोठ्यात आहेत. बाबांनी बंडीत भरून आणल्या, गव्हाण बांधली. आताच्या दोन विटांएवढी एक वीट. तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

परवा मिस्त्री म्हणाला, "काका, गव्हाण फोडून विटा पायात टाकू."

मी म्हटलं, "नाही. त्या एकदा गाडल्या गेल्या, तेवढं पुरे."