अंगठा: हुगळी ते पाथर्डी

संजय गांधी निराधार योजना असो की श्रावणबाळ, पाथर्डी-शेवगावच्या बाजूला पैसे काढायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाची धास्ती एकच असते: अंगठा लागेल का? बँकमित्राच्या टेबलावरच्या काडेपेटीएवढ्या यंत्रावर बोट टेकवायचं. लागलं तर ठीक, नाहीतर पदराला पुसून पुन्हा टेकवायचं, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. ही कटकट आधार कार्डाबरोबर आली असा समज आहे. खरं तर पेन्शन आणि बोटाचा ठसा यांची गाठ जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच पडली, तीही याच देशात.

ती मारणारा विल्यम हर्शेल हा बंगालमधला मुलकी अधिकारी. जुलै १८५८ मध्ये जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सरकारी शिक्क्याची शाई कोनाईच्या तळहाताला फासून कागदाच्या पाठीवर अख्खा पंजा उमटवून घेतला. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. उद्या ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणायची त्याची छाती होऊ नये, एवढाच धाक. पण हर्शेलला नाद लागला. तो वर्षानुवर्षं स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे घेत राहिला, आणि वय वाढलं तरी बोटावरच्या रेषा बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं.

१८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने हा उद्योग सरकारी कामात आणला: दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि पेन्शनवाटपात. पेन्शनर मरून गेला तरी त्याच्या नावाने पेन्शन उचलणारा कुणीतरी हजर, अशी तेव्हाची तक्रार होती. हर्शेलचा उपाय साधा होता. आलेल्या माणसाचा ठसा घ्यायचा आणि वहीतल्या जुन्या ठशाशी ताडून पाहायचा. पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि हुगळीतली पद्धत मागे पडली.

ती परत आली पोलिसांमुळे. बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि १९०१ मध्ये हीच रीत स्कॉटलंड यार्डात गेली. नाव मात्र हेन्रीचं झालं. पेन्शनरांसाठी वापरलेली युक्ती अशी गुन्हेगारांच्या दप्तरात जाऊन बसली. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालच्या सरकारने १९०६ मध्ये हिंदी लोकांवर बोटांच्या ठशांची नोंदणी लादायचा घाट घातला तेव्हा गांधीजी त्याविरुद्ध उभे राहिले, ते त्यातल्या अपमानामुळे.

मराठी मुलखात निरक्षराच्या सहीची सोय त्याआधीही होती. जुन्या महजरांवर, म्हणजे निवाडपत्रांवर, कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढत असे. इंग्रजी अंमलात त्या जागी ‘निशाणी डावा अंगठा’ आला. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली हजारो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती टाकायला गेली, तिथेही मस्टरवर अंगठेच उठले. पण हा अंगठा कुणी कशाशी ताडत नव्हतं. हर्शेलच्या उपायाचा अर्धाच भाग आपल्या कचेऱ्यांनी घेतला होता. ठसा घ्यायचा, पाहायचा नाही. मग कुणाच्या नावापुढे कुणाचा अंगठा आहे, हे कोण सांगणार? रोजगार हमीवर बोगस मजुरांच्या तक्रारी व्हायच्या, त्यात नवल कसलं!

राहिलेला अर्धा भाग आधारने आणला. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि चेहरा अशी नोंद होऊ लागली. रेशन दुकानात ठसा ताडणारं ई-पॉस यंत्र आलं. त्याचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबाला आज कारखान्याजवळच्या दुकानातून आपलं धान्य उचलता येतं, ते याच यंत्रामुळे.

पण कोयत्याने, मातीने, कांदा काढून आणि दगड फोडून झिजलेली बोटं त्या काचेला ओळखू येतातच असं नाही. वयाबरोबर कातडीही पातळ आणि कोरडी होते. हुगळीत ठसा नीट उमटला नाही तर समोर बसलेला कारकून माणसाला ओळखत असण्याची शक्यता होती. इथे तलाठी ओळखतो, दुकानदार ओळखतो, सगळी गल्ली ओळखते. यंत्र तेवढं नाही म्हणतं, आणि त्याचंच चालतं. मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलू नयेत म्हणून निघालेली तपासणी आता जिवंत माणसाकडूनच रोज पुरावा मागते.

बनावट तरी थांबली का? २०२३ मध्ये कर्नाटकात चोरांनी नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांच्या नकला करून, आधारवरून बँकेतले पैसे काढले. ज्या दस्तनोंदणीत हर्शेलने ठसा आणला, तिथूनच तो चोरीला गेला. हे कळल्यापासून तरी ‘अंगठा खोटं बोलत नाही’ हे कचेरीतलं पालुपद बंद व्हायला हवं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सरकारी लाभांसाठी आधारची अट कायम ठेवली. मात्र ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ तोडू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी आणि त्याची नोंद ठेवावी, हे आधार प्राधिकरणाने त्याआधीच, २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सगळ्या खात्यांना कळवलं आहे. तेव्हा घरातल्या आजीला ‘अंगठा लागत नाही, उद्या या’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर तिच्याबरोबर जा. बुबुळ किंवा चेहऱ्यावरून पडताळणी करायला सांगा, तेही नसेल तर अपवाद म्हणून नोंद करून घ्यायला लावा, आणि ऐकलं नाही तर १९४७ या आधारच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा.