वाळूवरचा माग: सावित्रीच्या मुखाशी कासवांची घरटी

१/ ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे ही इतिहासाची साधने आपण सारे जाणतो. आज एका वेगळ्या साधनाविषयी. ते रात्री उमटते आणि भरतीने वा वाऱ्याने लवकरच पुसले जाते. अंडी घालून समुद्राकडे परतलेल्या मादी कासवाचा तो माग. तो वाचण्याची विद्या कोकणात कोणाकडे होती आणि पुढे तिचे काय झाले, ते पाहू.

२/ महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर व महाड मागे टाकून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेस रायगडातील हरिहरेश्वर, दक्षिणेस रत्नागिरीतील बाणकोट आणि वेळास. १७५६च्या तहाने पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना दिले, हे आपण वाचलेले असते. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, हेही ठाऊक असते. त्याच गावचा किनारा आज कासवांमुळे ओळखला जातो.

३/ मराठी मनाला कासव परके नाही. देवळात गाभाऱ्यापुढे ते असते. कासवी पिल्लांना केवळ नजरेने पोसते, ही कल्पना संतवाङ्मयात वारंवार येते. प्रत्यक्षात समुद्री कासवाची मादी अंडी झाकून निघून जाते आणि पिल्लांना कधीच पाहत नाही. तिच्या पश्चात घरट्याकडे प्रथम कोणाची नजर जाते, यावर सारे अवलंबून असते.

४/ येथे येणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीरेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते आणि शंभरच्या आसपास अंडी घालते. मग वाळू लोटून, अंगाने ठोकून ती जागा दाबते.

५/ पहाटे दिसतात त्या खुणा अशा: समुद्रातून वर येणारा एक माग व परत जाणारा दुसरा, उजव्या-डाव्या पायांचे आळीपाळीने उमटलेले ठसे, आणि दोन मागांच्या मध्ये विस्कटलेली वाळू. वाळू विस्कटलेली नसेल, तर मादी न खणताच परतली असावी. खरी जागा काठीने हलकेच चाचपतात. खणून भरलेली वाळू भुसभुशीत लागते.

६/ ही विद्या प्रथम होती ती अंडी काढून नेणाऱ्यांकडे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे व सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी वेळासला आले असता त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण या कासवाला होतेच. परंतु कायदा रात्री किनाऱ्यावर फिरत नाही. गावकरी फिरतात. त्यांच्याच साहाय्याने पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली. माग वाचणारी नजर तीच राहिली, हेतू बदलला.

७/ कुत्री व कोल्हे पोहोचण्यापूर्वी अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन तितक्याच खोल पुरतात. नेताना अंडे उलटे करायचे नसते, कारण काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो; नंतर उलटल्यास तो मरू शकतो. पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक होतात. २००६पासून वेळासला कासव महोत्सव भरतो आणि पाहुण्यांची सोय गावातील घरांतूनच होते.

८/ जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीवर उपग्रह-यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ म्हटले गेले. आंजर्ल्याच्या मादीचे नाव ‘सावनी’. २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचे नाते अशा एका बिल्ल्याने उलगडते.

९/ घरी कासव पाळणाऱ्या मित्रांसाठी दोन शब्द. खाणे सोडून मादी अस्वस्थ फिरू लागली, मागच्या पायांनी जागोजागी उकरू लागली, तर ती बहुधा अंड्यांसाठी जागा शोधत असते. नर नसतानाही अंडी येऊ शकतात. ओलसर माती-वाळूचा खोल थर द्या. ती जोर करूनही अंडी न आल्यास पशुवैद्याकडे न्या. तारा कासवासारखी देशी कासवे मात्र घरात ठेवणे हा गुन्हा आहे.

१०/ दप्तरात शोधून सापडावी अशी ही विद्या नव्हे. ती माणसांच्या तोंडी आणि हातांत राहते. खाडीकाठच्या आजी-आजोबांना एकदा विचारा: कासव कुठे चढत असे, कोणत्या महिन्यात, अंड्यांचे काय करीत? अंडी खाल्ल्याचे सांगितले तरी नाक मुरडू नका. गावाचे नाव, वर्ष आणि सांगणाऱ्याचे वय यांसह लिहून ठेवा. ती माणसे आहेत तोवरच हे साधन आपल्या हाती आहे.