पांढरी, भिंत आणि परवाना

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा या गांवाचें नांव इतिहासग्रंथांत येतें तें एका लढाईमुळें. ऑक्टोबर १७२४ मध्यें येथें निजाम-उल्-मुल्क व मुबारिजखान यांची गांठ पडली. पहिला बाजीराव या प्रसंगीं निजामाच्या बाजूस होता. मुबारिजखान रणांत पडला आणि दक्षिणेंत निजामाची सत्ता स्वतंत्रपणें रुजली. विजेत्यानें गांवाला फत्तेखेर्डा असें नवें नांव दिलें. लोकांच्या जिभेवर मात्र जुनेंच राहिलें. एका दिवसांत सुभ्याचा धनी बदलला. परंतु त्या दिवसानंतर गांवांतल्या एखाद्या कुणब्यास आपल्या घराची पडवी हातभर पुढें काढावयाची असेल, तर त्यानें कोणास विचारावयाचें? इतिहासकार हा प्रश्न सहसा विचारीत नाहींत. आमच्या मतें राज्य म्हणजे काय, हें समजण्यास लढाईइतकाच तोही उपयोगी आहे.

आपल्याकडे गांवाच्या जमिनीचे दोन रंग मानीत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर सरकारची नजर असे, कारण सारा तेथून यावयाचा. पांढरीवर नजर असे ती गांवाची. घराच्या जागेचा तंटा पडला म्हणजे पाटील, गोत आणि शेजारी एकत्र बसत. भिंत पूर्वीं कोठें होती हें म्हाताऱ्यांस विचारीत. आणि निवाडा होई. कागद असो वा नसो, शेजाऱ्याची साक्ष हाच त्या काळचा नकाशा होता.

ही रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत वास्तूविषयीं नियम आहेत. वास्तूचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीनें तोडावे; पागोळीचें पाणी, मोरी, खिडकी, दोन घरांमधील अंतर यांनीं दुसऱ्यास उपद्रव होऊं नये; मात्र घरमालक आपसांत मिळून, अनिष्ट टाळून, इच्छेप्रमाणें बांधूं शकतात, असा त्याचा आशय आहे. त्यांतील एक बारकावा आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. बाळंतिणीसाठीं दहा दिवसांपुरता खणलेला खड्डा या बंधनांतून वगळला आहे. गरज खरी आणि मुदत थोडी असेल तेथें नियमानें दूर व्हावें, हें शहाणपण त्या सूत्रकारास सुचलें होतें.

मग शेजाऱ्याची साक्ष मागें पडून लेखी परवाना कां आला? त्याचें उत्तर आग आणि रोगराई यांत सांपडतें. १६६६ च्या आगींत लंडन जळालें आणि पुढल्याच वर्षीं नव्या घरांच्या बाहेरील भिंती विटांच्या वा दगडाच्या असाव्या असा कायदा झाला. मुंबईंत १८०३ सालीं कोटाचा मोठा भाग जळाला. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३३७ व्या कलमानें नवी इमारत बांधण्यापूर्वीं, आणि ३४२ व्या कलमानें जुनींत महत्त्वाचे फेरफार करण्यापूर्वीं, सूचना देणें भाग पाडलें. १८९६ सालीं प्लेग आला आणि उजेड-वाऱ्यावांचून उभारलेल्या खोल्यांची किंमत शहरास कळली. १८९८ सालीं सुधारणा-विश्वस्त मंडळ निघालें तें त्यानंतर. आग व प्लेग या दोघांस कुंपण कळत नाहीं, आणि शेजाऱ्यांची संख्या हजारोंवर गेली म्हणजे त्या सर्वांस साक्षीस बोलावितां येत नाहीं. त्या सर्वांच्या वतीनें एका कचेरीनें विचारावें, हेंच परवान्याचें मूळ.

वऱ्हाडांत ही रीत खेड्यापर्यंत येण्यास वेळ लागला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. तेव्हां पडवीचा आमचा प्रश्न निजाम, इंग्रज आणि दोन-तीन राज्यें ओलांडून शेवटीं गांवाकडेच परतला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमानें पंचायतीच्या पूर्वपरवानगीवांचून घर बांधण्यास अथवा पुन्हां बांधण्यास मनाई केली. पुढील दुरुस्त्यांनीं हा अधिकार मुख्यतः गांवठाणापुरता राहिला; त्याबाहेर १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागतो आणि जिल्हाधिकारी अथवा नियोजन प्राधिकरण यांच्याकडे जावें लागतें. काळी आणि पांढरी यांतील जुनी रेषा अशी नव्या कायद्यांतही उमटली आहे.

आतां कोणत्या कामास विचारावें आणि कोणत्यास नको? नवें घर, वरचा मजला, बाहेर काढलेली खोली, पाडून पुन्हां उभारलेली भिंत यांस परवानगी हवी. उलट, १९६६ च्या अधिनियमाच्या ४३ व्या कलमास जोडलेले अपवाद पाहिले, तर केवळ घराच्या आंत होणारी वा बाह्य स्वरूपांत विशेष बदल न करणारी दुरुस्ती सामान्यतः त्यांतून सुटते. शेतीच्या नेहमींच्या कामासाठीं खणलेली विहीरही सुटते. २०२० च्या एकत्रित नियमावलीनें लहान भूखंडांवरील घरांची वाट ठराविक अटींवर आणखी सोपी केली. या सर्वांच्या तळाशीं एकच कसोटी दिसते: जें काम उंबऱ्याच्या आंत संपतें तें ज्याचें त्याचें, जें रस्त्यावर, पाण्याच्या वाटेवर वा दुसऱ्याच्या उजेडावर पडतें, तें सर्वांचें.

या कसोटीस एक अपवाद आहे आणि तो याच जिल्ह्यांत पाहावयास मिळतो. लोणारचें दैत्यसूदन मंदिर केंद्रसंरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाभोंवतीं १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढें २०० मीटरपर्यंत नियंत्रित असतें. तेथें जुन्या घराच्या दुरुस्तीसही आधीं विचारावें लागतें. येथें शेजारी म्हणजे शेंकडों वर्षांपूर्वीं दगड घडविणारा कारागीर आणि अजून न जन्मलेला प्रेक्षक. त्यांची साक्ष काढतां येत नाहीं, म्हणून नियम अधिक कडक आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व ग्रंथांत ठीक. प्रत्यक्षांत परवाना म्हणजे हेलपाटे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. पाऊस तोंडावर आला आहे, मुलीचें लग्न ठरलें आहे आणि अर्ज टेबलावर पडून आहे, अशा वेळीं माणूस कुदळ हातीं घेतो यांत नवल नाहीं. दिरंगाईवर उपाय म्हणून कायद्यानेंही साठ दिवसांत उत्तर न आल्यास, नियमांत बसणाऱ्या कामास परवानगी मिळाली असें मानण्याची तरतूद ४५ व्या कलमांत केली आहे. परंतु न विचारतां बांधलेल्या खोलीचा हिशेब त्या पावसाळ्यांत होत नाहीं. तो वीस वर्षांनीं, कर्ज काढतांना, वांटणी करतांना वा विक्रीच्या वेळीं होतो. कधीं ५३ व्या कलमाची नोटीस येते आणि जन्मभराची पुंजी पाडावी लागते. ज्यानें बांधलें तो बहुधा तेव्हां नसतो. भरपाई मुलांस करावी लागते.

१७२४ सालीं साखरखेर्ड्यास ठरलें तें इतकेंच कीं हुकूम कोणाचा चालावा. आज त्याच गांवांत पंचायतीपुढें अर्ज ठेवणारा मनुष्य हुकमासाठीं येत नाहीं. आपली भिंत दुसऱ्याच्या आड येत नाहीं एवढें तो गांवास दाखवूं पाहतो. पंचायतीनेंही ती भिंत एकदां जाऊन पाहावी आणि वेळेवर उत्तर द्यावें. शेजारी तर पूर्वींही इतकें करीत होते.