मध्यरात्रीची घंटा

आजची गोष्ट सुरू होते हॉटेलच्या एका खोलीतून.

कामानिमित्त चेन्नईला गेलो होतो. मुक्काम अंबत्तूरला, औद्योगिक वसाहतीजवळ. हॉटेलात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. भाडं माफक, खोली लहान, पण चादर स्वच्छ आणि नळाला गरम पाणी. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड पाहिलं, पैसे घेतले, किल्ली दिली. जेवणाचं विचारलं, तर म्हणाला, "किचन क्लोज, सार." बिस्किटं खाऊन आडवा झालो.

पडल्या पडल्या तंजावरची छत्रमं आठवली. छत्रम म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. आपल्या 'अन्नछत्र' शब्दातलं छत्र तेच. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी अनेक छत्रमं बांधली, बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली आणि खर्चासाठी गावं तोडून दिली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम हे त्यातलंच, दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेलं.

1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. मग छत्रमांचं काय होणार? 1801 साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिनला पत्र लिहिलं. छत्रमात काय चालतं, ते त्यात सविस्तर सांगितलं. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सगळ्यांना अन्न मिळतं. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचं जेवण, अनाथ मुलांना दूध, बाळंतिणीची काळजी. आणि मध्यरात्री घंटा वाजते, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने जेवायला यावं म्हणून! या दानधर्मामुळे तंजावरला धर्मराज्य म्हणतात आणि हाच माझा सर्वांत मोठा मान आहे, असं त्यांनी कळवलं.

विचार करा, मुलूख गेलेला राजा काय वाचवायला धडपडतो? परक्या माणसाचं रात्रीचं जेवण. पुढे ओरत्तनाडूच्या छत्रमात त्यांनी मोफत शाळाही चालवली.

हॉटेलवाल्या मुलाची चूक नव्हती. पैसे घेतले तेवढी सोय त्याने नीट दिली. पण तंजावरच्या त्या घंटेचा हिशोब वेगळा होता. तिथे आलेल्याची पोच फक्त त्याची भूक होती.

सकाळी किल्ली परत करताना मी त्या मुलाला सहज विचारलं, "तू जेवलास का रात्री?" तो हसला. तोही बिस्किटांवरच झोपला होता.